माठ वाजवून का घेतात?

होळी झाली की बेळगाव-खानापूर रस्त्याच्या कडेला माठांच्या रांगा लागतात. गोव्याकडे निघालेली गाडी थांबते, बाई उतरतात, माठाचा रंग बघतात, बूड बघतात आणि शेवटी बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी टकटक करतात. माठ ठण्ण वाजला तर पैशाचं बोलणं सुरू होतं. भद्द वाजला तर तो परत रांगेत. विकणाऱ्या मावशी स्वतःच म्हणतात, "वाजवून बघा की ताई, तसाच न्हेऊ नका."

माझी आजीही माठ असाच घ्यायची, पण आवाजात नेमकं काय ऐकायचं हे तिने कधी सांगितलं नाही. ते मला खूप उशिरा, खानापूरच्या एका कुंभारमामांच्या अंगणात चिखलात हात घालून बसल्यावर कळलं. नीट भाजलेल्या माठाची भिंत सगळीकडे एकमेकीला जोडलेली असते. एका जागी टिचकी मारली की थरथर सगळ्या माठातून फिरते आणि माठ घंटेसारखा बोलतो. केसाएवढी जरी चीर असली तरी थरथर तिथे अडते, चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि आवाज मरतो. कच्च्या माठात तर मातीचे कण नुसते एकमेकांना टेकलेले असतात, जोडलेले नसतात. त्याचा आवाज भिंतीवर थापट मारल्यासारखा येतो.

संत गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक भजनी मंडळाला पाठ आहे. मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी मडकी ठोकायचं लाकडी थापटणं घेतलं, जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली आणि नामदेवांपाशी येऊन म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे. गोष्ट अध्यात्माची आहे, पण परीक्षा शंभर टक्के कुंभाराची आहे. मला ती गोष्ट खरी कळली ती थापटणं हातात घेतल्यावर.

तर कच्चं म्हणजे काय आणि पक्कं म्हणजे काय? या सगळ्या कलेचं शास्त्र मला एका वाक्यात पकडता येतं: मातीतून पाणी कसं आणि कोणत्या टप्प्याला बाहेर पडतं, ते बघा. घडण्यापासून तडकण्यापर्यंत, माठ गार का होतो इथपासून चिनी मातीचा कप गार का होत नाही इथपर्यंत, सगळ्याची किल्ली पाण्यात आहे.

आधी माती बघू. शेतातली प्रत्येक माती भांड्याला चालत नाही. भांड्याला लागते ती चिकणमाती, म्हणजे खडक हजारो-लाखो वर्षं ऊन-पावसात कुजून तयार झालेले अतिशय बारीक कण. किती बारीक? साधारण एका मिलिमीटरचा पाचशेवा भाग किंवा त्याहून लहान. वाळूचा कण गोळीसारखा असतो, चिकणमातीचा कण मात्र चपटा असतो, पत्र्याच्या तुकड्यासारखा. सगळी गंमत या चपटेपणात आहे. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवा. ओढून काढायला गेलात तर सुटत नाहीत, पण सरकवल्या तर अलगद सरकतात. ओल्या मातीत असेच कोट्यवधी पत्रे पाण्याचा पातळ थर मध्ये घेऊन एकमेकांवर सरकतात. म्हणून माती दाबली तशी वळते आणि सोडली की वळलेलीच राहते. वाळूला हे कधीच जमत नाही.

आपल्या जिल्ह्यात मातीचे नमुने बघायला फार लांब जावं लागत नाही. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा दगड आणि त्याची लाल माती. इतका पाऊस पडतो की मातीतले विरघळणारे क्षार केव्हाच वाहून गेलेत, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरलंय. (बेळगावात बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढणारा कारखाना आहे. बॉक्साइट हे जांभ्याचंच भावंड.) पूर्वेला अथणी, रायबागकडे गेलात की काळी कसदार जमीन. ऊस-ज्वारीला ती सोन्यासारखी, पण कुंभाराला ती एकटी नको असते. काळ्या मातीतल्या पत्र्यांच्या आतल्या फटींतही पाणी शिरतं, त्यामुळे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते यामुळेच. जी माती रानात एवढी भेगाळते, ती एकटीच भांड्यात घातली तर काय होणार?

चांगली माती मिळते ती नदीकाठाला, तळ्याच्या पोटात, भाताच्या खाचरात, जिथे पाण्याने जड वाळू आधीच खाली टाकून बारीक गाळ पुढे आणलेला असतो. कणकुंबीत उगम पावलेली मलप्रभा खानापूरला लागून वाहते. तिच्या खोऱ्यात मडकी, कौलं आणि विटा यांचे धंदे का रुजले, त्याचं एक मोठं कारण हा गाळ आहे. एकाच जागची माती क्वचितच पुरते. कुंभार चिकट मातीत थोडी भुसभुशीत माती मिसळतात, वाळू, राख किंवा लीद घालतात. फार चिकट माती फार आकसते, म्हणून तिचा चिकटपणा मोडणारं काहीतरी लागतं. मग माती भिजवून मुरत ठेवायची. मुरलेल्या मातीत पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचतं, त्यात सूक्ष्मजीवही वाढतात आणि ती आणखी लवचीक होते. तिला येणारा आंबूस वास हे चांगलं लक्षण. इडलीच्या पिठासारखंच समजा.

मुरलेली माती तुडवायची, मळायची. मळण्याचे हेतू दोन: आत हवेची पोकळी राहू नये आणि ओलावा सगळीकडे सारखा असावा. चाकावर पहिला धडा असतो गोळा मध्यावर बसवायचा. तो मध्यावर आला नाही तर पुढे काहीही नीट होत नाही. मला हे जमायला तीन आठवडे लागले. मामा म्हणायचे, "ताकद लावू नका, हात घट्ट ठेवा, माती आपोआप येती." आणि खरंच, हात स्थिर ठेवला की फिरणारी मातीच स्वतःला हाताच्या बाजूने सरळ करून घेते.

गोल बुडाचा माठ चाकावर पुरा होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. चाकावर फक्त तोंड, मान आणि जाड भिंतींचा धड तयार होतो. तो थोडा सुकला की कुंभार आतून दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोटा धरतो, बाहेरून लाकडी थापटण्याने मारतो आणि भिंत ठोकून ठोकून पातळ करत माठ फुगवतो. बूड असं ठोकूनच मिटवतात. ठोकल्याने दोन गोष्टी होतात. भिंत सगळीकडे सारखी जाड होते, आणि ते चपटे पत्रे अस्ताव्यस्त पडलेले असतात ते भिंतीच्या दिशेने आडवे, एकावर एक बसतात. म्हणून ठोकलेला माठ पातळ असूनही मजबूत असतो. खानापूरच्या अंगणातून दुपारी येणारा तो थप-थप-थप आवाज म्हणजे भिंतीत कण रचले जाण्याचा आवाज आहे, असं मला आता ऐकू येतं.

मडक्याला मराठीत मडकं म्हणतात, कन्नडमध्ये मडके. गाडग्याला कन्नडमध्ये गडिगे. आठवडी बाजारात कुंभार दोन्ही भाषांत भाव सांगतो, पण मडक्याचं नाव त्याला बदलावं लागत नाही.

आता पाणी बाहेर पडायची सुरुवात. घडवलेल्या भांड्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी असतं. ते उडून जातं तसे पत्रे जवळ येतात आणि भांडं आकसतं. वाळताना साधारण पाच ते आठ टक्के, भाजल्यावर आणखी थोडं. म्हणजे चाकावर बारा इंचांचा वाटणारा माठ हातात येतो तेव्हा सुमारे अकरा इंचांचा झालेला असतो. आकसण्याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते एक भाग आधी आणि दुसरा नंतर आकसला तर. पातळ काठ लवकर वाळतो, जाड बूड ओलं राहतं, आणि मधे चीर जाते. म्हणून ताजी भांडी उन्हात ठेवत नाहीत. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, ओल्या गोणपाटाखाली हळूहळू वाळवतात. मातीकामात कौशल्य जेवढं हातात आहे तेवढंच या थांबण्यात आहे.

खानापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की भांडं वाळल्यासारखं दिसतं, पण वाळलेलं नसतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी चार पणत्या आणि एक जाड बुडाची कुंडी भट्टीत ठेवायचा हट्ट धरला. मामा म्हणाले, "गालाला लावून बघा, गार लागतंय नव्हं? अजून पाणी हाय आत." गार लागत होती, तरीही ठेवली. तासाभरात आतून फट्ट असा आवाज आला. कुंडीचे तुकडे झाले होते आणि शेजारच्या पणत्याही गेल्या. शंभर अंशांवर पाण्याची वाफ होते तेव्हा ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. बंद भिंतीत अडकलेला चमचाभर ओलावासुद्धा कुंडी फोडायला पुरतो. गालाला लावून बघण्याची ती परीक्षाही पाण्याचीच आहे: ओलावा उडत असतो म्हणून भांडं गार लागतं.

इथपर्यंत वाळलेलं भांडं कितीही कडक वाटलं तरी ते कच्चंच. पाण्यात टाका, तासाभरात पुन्हा चिखल.

भट्टीत मात्र असं काही घडतं की परतीची वाट बंद होते. चिकणमातीच्या कणाच्या रचनेतच पाणी गुंफलेलं असतं, ओलावा म्हणून नव्हे तर घडणीचा भाग म्हणून. शुद्ध चिनी मातीत ते वजनाच्या सुमारे १४ टक्के असतं. उन्हाने, वाऱ्याने, शंभर अंशांनी ते हलत नाही. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते निघून जातं आणि कणाची जुनी रचना मोडते. त्यानंतर ती माती पाण्यात टाकली तरी तिचा चिखल होत नाही. कच्चं आणि पक्कं यांच्यामधली रेघ इथे आहे. बेळगावच्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. अशा कुठल्याही जागी मातीच्या घरांचा पुन्हा चिखल झालेला असतो, लाकूड कुजलेलं असतं, लोखंड गंजलेलं असतं, आणि खापरं मात्र कालच फुटल्यासारखी सापडतात. पुराणवस्तू अभ्यासक खापरांवर एवढे विसंबतात ते यासाठी.

६०० अंशांच्या आत आणखी एक खोडी आहे. मातीतल्या वाळूत गारगोटीचे कण असतात. ५७३ अंशांवर त्यांची रचना अचानक बदलते आणि ते किंचित फुगतात, थंड होताना त्याच अंशावर पुन्हा आकसतात. भट्टी घाईने उघडली, गार वारा आत गेला, की याच टप्प्यावर भांडी तडकतात. अशा तडकलेल्या माठाला बाहेरून काही दिसत नाही, पण तो वाजत नाही. रस्त्याकडेच्या त्या टकटकीत हेही पकडलं जातं.

पारंपरिक आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्यावरच्या भट्टीत, भांडी, शेणी, लाकूड, भाताचं पिंजर एकमेकांत रचून वरून राख-मातीने लिंपतात. आच सुरुवातीला मंद, मग हळूहळू चढती. शेवटी ७०० ते ९०० अंशांच्या आसपास पोचते. भट्टीत हवा खेळती असेल तर मातीतलं लोह ऑक्सिजन घेतं आणि माठ लाल होतो, गंजाचा जो रंग तोच हा. शेवटी भोकं बुजवून, ओला पाला टाकून धूर कोंडला, तर आगच मातीतला ऑक्सिजन ओढून घेते, वर धुराची काजळी भिंतीत मुरते आणि तेच मडकं काळं होतं. म्हणजे काळी आणि लाल मडकी वेगळ्या मातीची असतीलच असं नाही. एकच माती, श्वास मोकळा की कोंडलेला एवढाच फरक.

आणखी तापवलं तर? १२०० ते १३०० अंशांवर योग्य मातीचे काही भाग वितळून काचेसारखे होतात आणि कणांमधल्या फटी भरून टाकतात. बरणी, जाड मग, लोणच्याची सट अशी होते. अतिशुद्ध पांढऱ्या मातीत नेमक्या प्रमाणात फेल्डस्पार नावाचं खनिज आणि गारगोटी घालून आणखी तापवलं की पोर्सेलिन. आपली साधी लाल माती या आचेला टिकत नाही, त्यातलं लोह तिला लवकर वितळवतं आणि भांडं बसतं, फुगतं.

भांड्यावरची चकाकी म्हणजे अंगावर वितळवलेली काच. काच होते सिलिकाची, पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून त्यात सोडा, पोटॅश, चुना असं काहीतरी मिसळतात, म्हणजे ती कमी आचेत वितळते. आणि वितळून ओघळू नये म्हणून अॅल्युमिना, जो चिनी मातीतूनच मिळतो. एक वितळवणारा, एक आवरून धरणारा, एक काच होणारा, या तिघांचा मेळ बसवण्यात शिकणाऱ्याची वर्षं जातात. पूर्वी कमी आचेच्या चकाकीसाठी शिसं वापरायचे. स्वस्त, भडक रंगाच्या, कुठून आली माहीत नाही अशा चकचकीत भांड्यात चिंचेचं सार किंवा लोणचं ठेवू नका. आंबट पदार्थात शिसं उतरतं, आणि ते विष आहे. हे मी जरा जोरात सांगते, कारण दिसायला सुंदर म्हणून लोक ती भांडी घेतात.

आता माठाकडे परत येऊ. कमी आचेत भाजल्यामुळे त्याच्या भिंतीत बारीक भोकं राहतात, त्यातून पाणी झिरपून बाहेर येतं आणि उडून जातं. उडायला लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून घेतं. हिशेब करून बघा. १० लिटरच्या माठातून १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पाणी उडालं आणि बाहेरून उष्णता आलीच नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळपास सहा अंशांनी गार व्हायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता येतच राहते, म्हणून माठ वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवायचा आणि वरून ओलं फडकं गुंडाळायचं. अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात तो सुरेख काम करतो. खानापूरच्या जुलैत हवेतच पाणी भरलेलं असतं, भिंतीतलं पाणी उडणार कुठे? जुना माठ पहिल्यासारखा गार करत नाही, कारण पाण्यातले क्षार भोकांत बसतात. चकाकी दिलेला, पूर्ण पिकलेला महागडा जार कितीही देखणा असो, तो पाणी गार करणार नाही.

आंबोळीची खापरी चुलीवर टिकते आणि भारी चिनी मातीचा मग गॅसवर ठेवला की फुटतो, त्याचंही हेच कारण. खापरी सच्छिद्र असते, तिच्यात वाळू असते. ताणाने चीर सुरू झाली की ती पुढच्या भोकापाशी किंवा वाळूच्या कणापाशी थांबते. काचेसारख्या घट्ट भिंतीत चिरेला अडवायला काही नसतं. गोल बूड, कोपरा नाही, म्हणून ताण एका जागी साठत नाही. नवी खापरी रात्रभर भिजवून तिच्यात भाताची पेज उकळतात ती त्या भोकांत पेज मुरावी म्हणून. आणि गाडग्यातलं दही घट्ट होतं कारण भिंत त्यातलं पाणी ओढून घेते.

आपल्या सणांनी कच्ची माती आणि पक्की माती यांची वाटणी फार नेमकी केली आहे. आषाढातल्या मंगळवारची गुळ्ळव्वा ही मातीची देवी, बेंदराचे आणि मण्णेत्तिन अमावास्येचे बैल, पंचमीचा नाग, शाडूचा गणपती, हे सगळे न भाजलेले. त्यांनी पाण्यात परत जायचं असतं. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, दिवाळीच्या पणत्या भाजलेल्या, कारण त्यांनी पाणी, धान्य, तेल धरायचं असतं. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती इथे बसत नाही. जिप्सम सुमारे १५० अंशांना तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलेलं असतं, आणि पाणी मिळताच ते परत घेऊन तो दगडासारखा घट्ट होतो. मातीची उलटी चाल. म्हणून शाडू काही तासांत विरघळतो आणि प्लास्टर तळ्यात तसंच पडून राहतं.

शिकायचं असेल तर लांब जायची गरज नाही. ग्रामीण कुंभारकामाची खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती संस्था खानापुरातच आहे. पुढे कलाशिक्षण हवं असेल तर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मातीकामाचे अभ्यासक्रम आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारही आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. माझं मत विचाराल तर आधी एखादा हंगाम कुंभाराच्या अंगणात काढा. पुस्तकात आकसणं टक्क्यांत असतं, अंगणात ते बोटांना कळतं.

आणि घरच्या रानातली माती कशी आहे ते बघायचं असेल तर एवढं करा. ओली माती वळून पेन्सिलीएवढी जाड दोरी करा आणि बोटाला गुंडाळा. भेगा न पडता वळली तर माती कामाची. मग तिची हाताएवढी पातळ फरशी थापा, तीवर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि सावलीत आठवडाभर, पलटत पलटत वाळवा. रेघ पुन्हा मोजा. साडेनऊ भरली तर माती पाच टक्के आकसली. नऊच्या खाली आली तर तिच्यात वाळू घाला आणि पुन्हा करा. गालाला गार लागेनाशी झाली की फरशी आधी चुलीच्या कडेला दिवसभर तापू द्या, मग निखाऱ्यांत पुरा, लाल होऊ द्या, आणि राखेतच रात्रभर निवू द्या. उकरायची घाई करू नका. सकाळी काढून दोन बोटांत सैल धरा आणि पेराने टकटक करा.